खलनायकाच्या नजरेतला पुरुष

'हॅनिबल' या अमेरिकी मालिकेच्या पहिल्या सीझनमध्ये एक मानसोपचारतज्ज्ञ रुग्णापुढे कागद ठेवतो आणि घड्याळ काढायला सांगतो. विल ग्रॅहम हा रुग्ण चित्र काढून देतो. त्याच्या मते ते साधं, बरोबर घड्याळ आहे. कॅमेरा कागदावर जातो तेव्हा दिसतं, की सगळे आकडे एका बाजूला दाटीवाटीनं उतरलेत. विलच्या मेंदूला सूज आली आहे. समोर बसलेल्या डॉक्टर हॅनिबल लेक्टरला ते कळून चुकलंय. त्याच्या तीक्ष्ण नाकानं आजाराचा वास आधीच टिपलाय. पुढे स्कॅन होतो, सूज स्पष्ट दिसते, आणि लेक्टर आपल्या ओळखीच्या मेंदूतज्ज्ञाला पटवून तो निष्कर्ष दडवायला लावतो. विलला सांगितलं जातं, की मेंदूत काही दोष नाही. म्हणजे जे काही होतंय ते वेडच, असा अर्थ त्यानं काढायचा.

ब्रायन फुलर यांची ही मालिका २०१३ ते २०१५ या काळात एनबीसी वाहिनीवर चालली. ह्यू डॅन्सी विल झाला होता आणि मॅड्स मिकलसन लेक्टर. विलच्या भोवती माणसं पुष्कळ आहेत. एफबीआयमधला वरिष्ठ जॅक क्रॉफर्ड त्याला मानतो, पण विल गुन्हेगाराच्या मनात शिरू शकतो म्हणून त्याला तो हवा आहे. विलची झोप उडालीय, तो घामानं डबडबून उठतो, त्याला भलतंसलतं दिसतं, हे क्रॉफर्डला ठाऊक असतं आणि तरी तो पुढच्या खुनाच्या जागी त्याला घेऊन जातो. मैत्रीण ॲलाना ब्लूम काळजी करते, पण हातभर अंतर राखून. विलच्या बोलण्याकडे, थकव्याकडे, अंगाच्या वासाकडेसुद्धा संपूर्ण मालिकेत सर्वांत बारकाईनं कोण पाहतं? त्याला उद्ध्वस्त करायला निघालेला माणूस.

२०१० नंतरच्या इंग्रजी मालिकांचा मोठा भाग या एका गोष्टीभोवती फिरताना दिसतो. 'गेम ऑफ थ्रोन्स'मध्ये रॅमसे बोल्टनला थिऑन ग्रेजॉयचं वेड आहे. 'आउटलँडर'मध्ये इंग्रज कॅप्टन जोनाथन रँडलला स्कॉटिश तरुण जेमी फ्रेझरचं. बीबीसीच्या 'शेरलॉक'मध्ये मॉरिआर्टीला शेरलॉकचं. खलनायकाला राज्य, पैसा, सूड यांपेक्षा एक माणूस हवा असतो, तोही बहुधा कुठेतरी आतून तुटलेला पुरुष. तो त्याचा पाठलाग करतो, त्याला अडकवतो, त्याच्या वेदनेकडे टक लावून पाहत राहतो. आणि आपण पाहणारे त्याच्या शेजारी बसून तेच पाहतो.

माझं म्हणणं असं, की या मालिकांनी पुरुषाचं दुखणं पडद्यावर आणलं ही मोठी गोष्ट केली, पण ते दुखणं पाहण्याचं काम खलनायकावर सोपवलं. दुखावलेल्या पुरुषाला मन लावून न्याहाळणारा, त्याला प्रश्न विचारणारा, त्याच्या उत्तराची वाट पाहणारा माणूस कथेत एकच, आणि तो राक्षस. हा दोष लेखकांच्या कल्पनाशक्तीत आहे, तितकाच आपल्या समाजाच्या सवयीतही आहे. म्हणून त्याकडे करमणुकीचा मामला म्हणून पाहून चालणार नाही.

आपल्याकडच्या जुन्या कथांमध्ये खलनायकाच्या आसक्तीचा रोख स्त्रीकडे असतो. रावणाला सीता हवी असते, कीचकाला सैरंध्री. पुरुषाचं काम बदला घेण्याचं. खाडिलकरांनी १९०७ साली 'कीचकवध' लिहिलं आणि पुढे इंग्रज सरकारनं त्यावर बंदी घातली, ती याच मांडणीच्या ताकदीमुळे: अपमानित द्रौपदीच्या जागी प्रेक्षकांना देश दिसला आणि कीचकाच्या जागी कर्झन. या मांडणीत हिशेब शेवटी चुकता होतो. कीचक मेला, गोष्ट संपली. सैरंध्रीला त्यानंतर रात्री झोप लागत होती का, हे कुणी विचारत नाही.

नव्या मालिकांनी सैरंध्रीच्या जागी पुरुषाला उभं केलं, आणि त्याबरोबर एक अडचण समोर आली. मार खाणारा, लढणारा, रक्तबंबाळ होऊनही उठणारा पुरुष पडद्याला नवा नाही. पण हतबल, घाबरलेला, ज्याच्या शरीरावर दुसऱ्याची सत्ता आहे असा पुरुष नायक म्हणून कसा दाखवायचा? त्याच्याकडे इतक्या जवळून पाहायचं तर कुणाच्या डोळ्यांनी?

चित्रपट-अभ्यासक स्टीव्ह नील यांनी १९८३ साली 'स्क्रीन' या ब्रिटिश नियतकालिकात या प्रश्नाला हात घातला होता. लॉरा मल्व्ही यांनी १९७५ साली त्याच नियतकालिकात दाखवून दिलं होतं, की हॉलिवूडचा कॅमेरा स्त्रीला पुरुषाच्या नजरेनं न्याहाळतो. नील यांनी पुढचा प्रश्न विचारला: मग पुरुषाचं शरीर न्याहाळायचं असेल तेव्हा काय होतं? त्यांचं उत्तर असं, की मुख्य धारेतला सिनेमा ते उघडपणे करू शकत नाही. पुरुषानं पुरुषाकडे ओढीनं पाहणं त्याला झेपत नाही. म्हणून तो मारामारी आणतो, द्वंद्व आणतो, जखमा आणतो. हिंसेच्या निमित्तानं शरीराकडे पाहता येतं आणि त्या पाहण्याची लाजही वाटत नाही.

खलनायक म्हणजे हेच निमित्त माणसाच्या रूपात. त्याला काहीही वाटलेलं चालतं, कारण त्याला वाटतं ते वाईटच असणार हे आधी ठरलेलं आहे. त्याच्या नजरेआडून मालिकेला नायकाच्या उघड्या पाठीकडे, थरथरत्या हाताकडे, डोळ्यांतल्या पाण्याकडे मिनिटन्‌मिनिटं पाहता येतं. शेवटी खलनायकाला मारून टाकलं की पाहण्याचं पापही त्याच्याबरोबर जातं.

या सोयीला एक कुरूप इतिहास आहे. हॉलिवूडमध्ये १९३४ पासून १९६८ पर्यंत हेज संहितेचा अंमल होता. समलिंगी प्रेम पडद्यावर दाखवायला या संहितेनं मनाई केली होती. परिणाम असा झाला, की पुरुषाला पुरुषाबद्दल ओढ वाटते हे सूचित करायचंच असेल तर ते पात्र खुनी, भेकड किंवा विकृत असलेलं बरं, अशी वहिवाट पडली. व्हिटो रुसो यांनी १९८१ साली 'द सेल्युलॉइड क्लोझेट' या पुस्तकात या साऱ्या पात्रांची हजेरी घेतली. संहिता गेली, वहिवाट राहिली. नायकावर आसक्त झालेला क्रूर, नीटनेटका, गोड बोलणारा पुरुष आजही दिसतो, तो याच घराण्यातला. त्यातून दोन अन्याय एकदम होतात. समलिंगी माणूस म्हणजे शिकारी, ही जुनी बदनामी चालू राहते. आणि पुरुषाला जवळून समजून घेऊ पाहणारा दुसरा पुरुष हा धोकादायकच, हा समज पक्का होतो. दुसरा अन्याय सगळ्याच पुरुषांवर आहे.

आता 'गेम ऑफ थ्रोन्स'कडे पाहू. जॉर्ज मार्टिन यांच्या कादंबऱ्यांमध्ये थिऑन दुसऱ्या खंडाच्या शेवटी दिसेनासा होतो. पुढचे दोन खंड तो कथेत प्रत्यक्ष येतच नाही. २०११ साली पाचव्या खंडात तो परततो तेव्हा त्याचं नाव बदललेलं असतं, केस पांढरे झालेले असतात, आणि मधल्या काळात काय झालं ते वाचकाला त्याच्या दचकण्यातून, अर्धवट आठवणींतून जुळवावं लागतं. कादंबरी छळ दाखवत नाही, छळ झालेला माणूस दाखवते. मालिकेनं २०१३ च्या तिसऱ्या सीझनमध्ये नेमकं उलटं केलं. भागामागून भाग थिऑन खांबाला बांधलेला आणि रॅमसे त्याच्याशी खेळतोय. ते पाहताना थिऑनबद्दल आपल्याला फारसं नवं कळत नाही. रॅमसेला त्यात किती मौज वाटते, एवढंच पुन्हा पुन्हा कळतं.

चौथ्या सीझनमध्ये मात्र दोन प्रसंग असे आहेत, की ते पाहिल्यावर ही मालिका काय करू शकली असती हे लक्षात येतं. पहिल्यात थिऑन रॅमसेची दाढी करतोय. वस्तरा गळ्यावर आहे. रॅमसे त्याला सांगतो, की रॉब स्टार्क मारला गेला. ज्याच्याबरोबर तो भावासारखा वाढला तो रॉब. थिऑनचा हात थांबतो. डोळे भरून येतात. मग हात पुन्हा चालू लागतो आणि दाढी पुरी होते. दुसऱ्यात बहीण जीव धोक्यात घालून त्याला सोडवायला येते आणि तो कुत्र्यांच्या पिंजऱ्यातून बाहेर यायला नकार देतो. बक्षीस म्हणून रॅमसे त्याला स्वतःच्या हातांनी आंघोळ घालतो आणि विचारतो, की तुझं माझ्यावर प्रेम आहे ना. आल्फी ॲलनचा चेहरा त्या वेळी पाहावा. भीती आणि कृतज्ञता यांना वेगळं करता येत नाही. कितीतरी काळानं त्याला कुणी मायेनं हात लावलाय, आणि तो हात त्याचाच, ज्यानं त्याला या दशेला आणलं.

छळ करणारा माणूस पुष्कळदा पीडिताच्या आयुष्यातला एकमेव सोबती होऊन बसतो, ही गोष्ट घरातल्या अत्याचाराबद्दल आपण ऐकलेली आहे. पुरुषाच्या बाबतीत ती इतक्या स्पष्टपणे क्वचितच दाखवली गेली. रॅमसेचं वेडही तिथे उलगडतं. तो बापाचा अनौरस मुलगा, बापानं आपल्याला नाव द्यावं म्हणून तडफडणारा. दुसऱ्याचं नाव हिरावून घेण्यात त्याला सुख वाटतं, कारण स्वतःचं नाव त्याला मिळालेलं नाही. खलनायकाची आसक्ती त्याच्या स्वतःच्या भुकेबद्दल असते. समोरच्या माणसाचं तिथे काम एवढंच, की त्यानं ती भूक भागवावी.

पण याच मालिकेनं पुढच्या वर्षी एक मोठी चूक केली आणि ती विसरता कामा नये. १७ मे २०१५ ला प्रसारित झालेल्या भागात रॅमसे लग्नाच्या रात्री रॉबच्या बहिणीवर, सान्सा स्टार्कवर, बलात्कार करतो आणि थिऑनला ते उभं राहून पाहायला लावतो. कॅमेरा सान्साला सोडून थिऑनच्या चेहऱ्यावर जातो. त्यावर तेव्हा जोरदार टीका झाली आणि ती रास्त होती. अत्याचार एका मुलीवर झाला आणि तो मोजला गेला पुरुषाच्या अश्रूंमध्ये. पुरुषाच्या दुखण्याला जागा मागताना मी ही सीमा आखून घेतो: ती जागा स्त्रीच्या दुःखातून कापून घ्यायची नाही. एकाची वेदना दुसऱ्याच्या जागृतीचं साधन झाली, की दोघांचाही अपमान होतो.

योगायोग असा, की त्याच्या आदल्याच दिवशी, १६ मे २०१५ ला, 'आउटलँडर'चा 'वेंटवर्थ प्रिझन' हा भाग अमेरिकेत स्टार्झ वाहिनीवर लागला होता. डायना गॅबल्डन यांच्या १९९१ च्या कादंबरीवरून रोनाल्ड मूर यांनी ही मालिका उभी केली. अठराव्या शतकातलं स्कॉटलंड. जेमीला (सॅम ह्यूअन) फाशी व्हायची आहे आणि रँडल (टोबायस मेन्झिस) त्याला आपल्यासाठी मागून घेतो. यापूर्वी त्यानंच जेमीच्या पाठीवर चाबकाचे शंभर फटके मारलेले आहेत. त्या पाठीबद्दल तो चित्रकारानं आपल्या चित्राबद्दल बोलावं तसा बोलतो. बायको क्लेअर त्याच्या हाती सापडते तेव्हा जेमी सौदा करतो: तिला सोड, मी विरोध करणार नाही. त्या शब्दाची खूण म्हणून रँडल त्याचा हात टेबलावर खिळ्यानं ठोकतो. पुढे जे होतं त्याला बलात्कार याशिवाय दुसरं नाव नाही, आणि मालिकाही ते झाकत नाही.

हा भाग आणि त्याच्या पुढचा भाग पाहणं अवघड आहे. काही दृश्यं गरजेपेक्षा लांबली आहेत आणि रँडल हा त्या जुन्या वहिवाटीतलाच खलनायक आहे, हे आक्षेप मला मान्य आहेत. तरीही 'आउटलँडर'ला मी 'गेम ऑफ थ्रोन्स'पेक्षा वरचढ मानतो, याचं कारण ती सुटकेपाशी थांबत नाही. जेमीला कैदेतून बाहेर काढलं जातं आणि खरी कठीण गोष्ट तिथून सुरू होते. मठातल्या खोलीत तो भिंतीकडे तोंड करून पडून राहतो. खात नाही. मरण मागतो. रँडलनं त्याच्या मनात क्लेअरचाच चेहरा पेरला आहे. त्याच्या शरीरानं त्या घटकेला प्रतिसाद दिला आहे, आणि सर्वांत जास्त लाज त्याची आहे. भीतीतही शरीर आपल्या मर्जीबाहेर प्रतिसाद देऊ शकतं, त्याचा अर्थ संमती होत नाही, हे अत्याचारातून गेलेल्या पुरुषांना कुणी सांगत नाही आणि ते जन्मभर स्वतःला गुन्हेगार समजत राहतात. क्लेअर त्याला ते बोलायला लावते. ती सौम्यपणे वागत नाही, ती भांडते, पण जागची हलत नाही. पुढच्या सीझनमध्येही, पॅरिसमध्ये, रँडल त्याच्या स्वप्नात येत राहतो. कलोडनच्या रणांगणावर रँडल मरतो तेव्हाही जेमीला काही नवा जन्म मिळत नाही. वध झाला म्हणून जखम भरत नाही.

आणि मग तिसऱ्या सीझनमध्ये मालिका आपल्याच खलनायकाला उत्तर देते. आर्ड्‌सम्युअरचा तुरुंग. जेमी पुन्हा कैदी आहे. तुरुंगाचा अधिकारी पुन्हा एक इंग्रज सैनिक, लॉर्ड जॉन ग्रे, आणि त्यालाही जेमीबद्दल ओढ वाटते. सत्तेची मांडणी तंतोतंत वेंटवर्थसारखी. दोघे बुद्धिबळ खेळतात, बोलता बोलता एकमेकांच्या दुःखापर्यंत पोचतात आणि ग्रे जेमीच्या हातावर हात ठेवतो. जेमी आवाज न चढवता त्याला सांगतो, की हात काढ, नाहीतर जीव घेईन. ग्रे हात काढतो. बस, एवढंच. तो शिक्षा करत नाही, सूड धरत नाही. पुढे तो जेमीला तुरुंगातून बाहेर काढून बऱ्या ठिकाणी ठेवतो आणि जेमीच्या मुलाला आपला म्हणून वाढवतो. ओढ तीच होती, अधिकारही तोच होता. समोरचा नाही म्हणाल्यावर एकानं खिळा ठोकला आणि दुसऱ्यानं हात मागे घेतला. आसक्ती आणि प्रेम यांतला फरक यापेक्षा नेमका मी कुठल्या मालिकेत पाहिलेला नाही.

'हॅनिबल'च्या बाबतीत मात्र पुष्कळ चाहते म्हणतात, की तीही प्रेमकथाच आहे. तिसऱ्या सीझनच्या शेवटी दोघे एकमेकांच्या मिठीत कड्यावरून खाली जातात, तेव्हा त्यांना तसं वाटणं मी समजू शकतो. इतक्या एकाग्रतेनं कुणी आपल्याकडे पाहावं, ही इच्छा कुणाला नसते? पण लेक्टरच्या एकाग्रतेचा कस त्या स्कॅनपाशी लागतो. विलला बरं करण्याची किल्ली त्याच्या हातात होती आणि त्यानं ती दडवली, कारण आजारी विल त्याला जास्त उपयोगी होता. दुसऱ्याचं दुखणं माहीत असणं आणि ते मिटावं असं वाटणं, यांत फार अंतर आहे. सुंदर कपडे, सुंदर पानं, सुंदर संगीत यांच्या झगमगाटात ते अंतर दिसेनासं होतं, आणि इथे मालिकेचं कौशल्यच तिच्या विरोधात जातं.

तरी चाहत्यांना, विशेषतः स्त्रियांना, या प्रकाराबद्दल हिणवणं मला पटत नाही. १९७० च्या दशकात 'स्टार ट्रेक'च्या चाहत्या स्त्रिया सायक्लोस्टाइल केलेल्या, हौसेनं काढलेल्या मासिकांमधून स्वतःच्या कथा लिहू लागल्या. त्यात एक प्रकार रुजला: नायक जखमी होतो, कोसळतो, आणि दुसरा कुणी त्याची शुश्रूषा करतो. इंग्रजीत त्याला 'हर्ट-कम्फर्ट' म्हणतात. कमील बेकन-स्मिथ यांनी १९९२ साली 'एंटरप्रायझिंग विमेन' या पुस्तकात या कथांचा गंभीरपणे अभ्यास केला. आज इंटरनेटवर थिऑन, विल, जेमी यांच्यावर लिहिलेल्या अशा कथांचा खच पडलेला आहे. त्यांतल्या कित्येकांत छळ नसतोच. छळ मूळ मालिकेनं दाखवून झालेला असतो. लिहिणारी व्यक्ती पुढचं लिहिते: कुणी पट्टी बदलली, कुणी रात्रभर शेजारी बसलं, कुणी काय झालं ते विचारलं. मालिकेनं जे वगळलं ते प्रेक्षकांनी लिहून काढलं. यात काही हिंसेची चटक असलेलं लेखनही आहेच, पण मुख्य गोष्ट ही, की प्रेक्षकाला जखमेपेक्षा जखमेनंतरचं हवं होतं आणि त्याला ते मिळालं नाही.

ते देणारी एक मालिका २०२४ मध्ये आली. रिचर्ड गॅड यांची 'बेबी रेनडिअर', नेटफ्लिक्सवर, सात भागांची. गॅड यांनी स्वतःच्या अनुभवावर आधी एकपात्री प्रयोग केला होता आणि मालिकेत मुख्य भूमिकाही त्यांनीच केली. लंडनच्या पबमध्ये काम करणारा डॉनी रडवेल्या चेहऱ्यानं आलेल्या मार्थाला फुकट चहा देतो आणि ती त्याच्यामागे लागते. चाळीस हजारांहून जास्त ईमेल, तासन्‌तासांचे व्हॉइसमेल. पोलिसांकडे जायला तो सहा महिने लावतो. इतका उशीर का, याचं उत्तर चौथ्या भागात मिळतं. डॅरिअन नावाच्या यशस्वी लेखकानं त्याला मोठं करण्याची आशा दाखवून, अंमली पदार्थ देऊन त्याच्यावर वारंवार अत्याचार केलेले असतात, आणि डॉनी पुन्हा पुन्हा त्याच्या घरी गेलेला असतो.

इथे आसक्त माणसं दोन आहेत. मार्थाला निव्वळ खलनायिका म्हणता येणार नाही. ती आजारी आहे, एकाकी आहे, आणि मालिका तिच्याकडे करुणेनं पाहते. डॅरिअनला करुणेची सोय नाही. पण डॉनी दोघांनाही तोडू शकत नाही, याचं कारण एकच: या दोघांनी त्याला महत्त्व दिलं. ज्याच्या विनोदांवर रिकाम्या खुर्च्यासुद्धा हसत नव्हत्या, त्याच्याकडे कुणीतरी डोळे लावून पाहिलं. खलनायकाच्या आसक्तीला नायक का बळी पडतो, याचं उत्तर इतक्या प्रामाणिकपणे दुसऱ्या कुठल्या मालिकेनं दिलं नाही. त्याला दुसरीकडे कुठेच कुणी पाहिलेलं नसतं.

म्हणूनच सहाव्या भागातला घरचा प्रसंग मला सबंध मालिकेचा कणा वाटतो. डॉनी आईवडिलांना काय झालं ते सांगतो. आता तुमच्या नजरेत मी कमी पुरुष ठरेन, ही भीतीही बोलून दाखवतो. कडक, घुमा बाप उलट त्यालाच विचारतो, की मग तू मला कमी पुरुष समजशील का. तो कॅथलिक चर्चच्या छायेत वाढला, एवढंच सांगतो. पुढे एक शब्द नाही; तिघे एकमेकांना धरून रडतात. खलनायकाच्या हातातून लक्ष देण्याचं काम काढून घेऊन ते बापाच्या हातात ठेवलं, एवढं या मालिकेनं केलं. डॉनी त्यानं बरा होत नाही. शेवटच्या भागात तो पुन्हा डॅरिअनच्या दारात जातो. पण पाहणारा दुसरा कुणी असू शकतो, हे एकदा सिद्ध झालेलं असतं.

हे सगळं आपल्यापासून दूरचं आहे, असं कुणी म्हणेल, पण तसं नाही. महिला व बालविकास मंत्रालयानं २००७ साली बाल अत्याचारावरचा देशव्यापी अभ्यास प्रसिद्ध केला. पाहणीतल्या ५३.२२ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं, आणि त्यांत ५२.९४ टक्के मुलगे होते. मे २०१२ मध्ये 'सत्यमेव जयते' या टीव्ही कार्यक्रमाच्या दुसऱ्याच भागात मुंबईच्या हरीश अय्यर यांनी लहानपणी घरात काय सोसलं ते देशासमोर सांगितलं. समोर बसून ऐकणारा त्या दिवशी खलनायक नव्हता, आणि टीव्हीला हे जमतं हे घराघरांनी पाहिलं. त्याच महिन्यात संसदेनं मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा मंजूर केला. त्यात मुलगा आणि मुलगी असा भेद नाही. पण अठरा वर्षं पूर्ण झाली, की पुरुषाला कायद्यानं वेगळं काही दिलेलं नाही. अमेरिकेत एफबीआयनं बलात्काराची व्याख्या बदलून २०१३ पासून पुरुषांचीही मोजणी सुरू केली. इंग्लंडच्या कायद्यानं १९९४ सालीच पुरुषावरचा बलात्कार मान्य केला. आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत बलात्काराच्या व्याख्येत पीडित स्त्रीच आहे, आणि जुन्या दंड संहितेतलं अनैसर्गिक संबंधांचं कलम ३७७ नव्या संहितेत घेतलेलं नसल्यामुळे प्रौढ पुरुषाला होता तो आधारही उरलेला नाही.

म्हणजे जेमी फ्रेझरवर जे झालं ते आज महाराष्ट्रातल्या एखाद्या तरुणावर झालं, तर त्याला त्याच नावानं तक्रार नोंदवता येणार नाही. घरी सांगावं तर, तू प्रतिकार का केला नाहीस, हा प्रश्न दारातच उभा असतो. अशा तरुणापर्यंत सर्वांत आधी कोण पोचतं? त्याची दुखरी जागा ओळखून तिचा उपयोग करू पाहणारा. नोकरीतला वरिष्ठ, शिकवणीतला दादा, हॉस्टेलमधला सीनियर, घरातला काका. पडद्यावरचे खलनायक अतिशयोक्त आहेत, त्यांची जागा अतिशयोक्त नाही. ती आपण रिकामी ठेवली म्हणून त्यांना मिळाली.

मराठीत मालिका लिहिणाऱ्यांकडे माझं मागणं एवढंच आहे, की दुखावलेला पुरुष लिहा, पण त्याच्याकडे पाहायला आई, बाप, बायको, मित्र, बहीण यांनाही त्या खोलीत पाठवा, आणि खलनायक मेल्यानंतरचे दोन भाग जास्त लिहा. कायदे करणाऱ्यांकडे मागणं, की प्रौढ पुरुषावरच्या लैंगिक अत्याचाराला न्याय संहितेत स्त्रियांच्या संरक्षणाला धक्का न लावता स्वतंत्र कलम द्या. आणि वाचकाकडे मागणं, की घरातला एखादा पुरुष गप्प झाला, चिडचिडा झाला, रात्री जागा राहू लागला, तर त्याला काय झालं ते विचारा, आणि उत्तर येईपर्यंत जागचे हलू नका.